माझ्या भावाने बांधलेली घरटी

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नाही. मी तर नववीतच एका वायरमनच्या हाताखाली लागलो. तरी मेंदूवरच्या संशोधनाबद्दल मला विचारा, मी सांगतो, कारण माझा धाकटा भाऊ चौदा वर्षं प्रयोगशाळेत आहे. वय सेहेचाळीस, केस पांढरे, पण घरात अजून छोट्याच. त्याला तिथे मीच चिकटवला. त्या इमारतीचं वायरिंग माझ्या हातचं आहे आणि आजवर तक्रार नाही, हे जाता जाता सांगतो.

छोट्याचं काम उंदरांचं. सकाळी सातला पिंजरे काढायचे, ओला भुसा टाकायचा, कोरडा भरायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, एकेकाचं वजन लिहायचं. वास अंगाला असा चिकटतो की घरी आल्यावर तो आधी अंघोळ करतो, मग माणसांत येतो.

त्याआधी नऊ वर्षं तो दारूत होता. लपवण्यासारखं काही नाही, सुटला म्हणूनच सांगतो. मी दोनदा कानाखाली वाजवली होती, त्याचा उपयोग झाला असं माझं म्हणणं. तो म्हणतो, काडीचा झाला नाही.

गेल्या वर्षी त्याच्या प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमनी दारूची ओढ कमी करणाऱ्या औषधाचा प्रयोग लावला. मेंदूत कॅनाबिनॉइड रिसेप्टर नावाचे सॉकेट असतात. गांजातला माल त्यात पिनसारखा बसतो. पण गांजा कधी न बघितलेल्या माणसाच्या डोक्यातही ते असतात, कारण शरीर स्वतःच तशा पिना बनवतं. दारूची ओढ लागते त्यात या सॉकेटचाही हात असतो. औषध डमी प्लगसारखं आत जाऊन बसतं, पिनेला जागा राहत नाही, ओढ ढिली पडते. हे छोट्याने मला तीन संध्याकाळी समजावलं. सॉकेटची भाषा माझी. मॅडम आता पाहुण्यांना तसंच सांगतात म्हणे.

आणि औषध चालत होतं. कळ दाबली की दारूचा थेंब मिळतो, असा पिंजरा होता. जो उंदीर शंभरदा कळ दाबायचा तो दहा-बारावर आला. मी जाईन तिथे सांगत सुटलो की माझा भाऊ दारूचं औषध काढतोय. पुढची पायरी माणसांची होती.

अशात एका संध्याकाळी छोट्या अंघोळ न करताच माझ्यासमोर येऊन बसला.

"दादा, माझ्या हातून घोळ झालाय."

प्रत्येक पिंजऱ्यात रोज मूठभर कागदाच्या पट्ट्या टाकतात. धडधाकट उंदीर त्या कुरतडून कोपऱ्यात घरटं करतो. सकाळी फॉर्मवर खूण करायची, घरटं आहे की नाही. औषधाच्या सोळा पिंजऱ्यांतले उंदीर पट्ट्यांना तोंडच लावत नव्हते. भुशावर अंग टाकून पडायचे. छोट्याला वाटलं, गारठलेत, आज-उद्या उठतील. म्हणून तोच पट्ट्या फाडून घरटी करून द्यायला लागला. आणि घरटं दिसतंय म्हटल्यावर 'आहे' वर खूण. असे एकवीस दिवस.

"अरे, तू उंदरांची आई आहेस का?"

"थट्टा नको, दादा. आता ते माणसांना देणार."

"देऊ दे की. दारू सुटतेय ना?"

"सुटतेय. पण मी सोडली तेव्हा मला भूक लागायला लागली होती. वहिनीकडे तीन तीनदा मागून घ्यायचो. हे काहीच मागत नाहीत. दारू नाही, घरटं नाही, खाणं जेमतेम. तू सॉकेट बंद केलंस, पण त्याच लाइनीवर पंखा न् दिवाही असेल तर?"

पस्तीस वर्षं वायरिंग करतोय मी, एका लाइनीवर काय काय असतं ते मला ठाऊक. तरी म्हटलं, "गप्प बस. कंत्राटावरचा माणूस तू. खोटी खूण केली म्हटल्यावर दारात उभं करतील का?"

"तिथे माझ्यासारखेच येणार ना औषध घ्यायला," एवढं बोलून तो उठला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. एकट्याला कसा सोडणार. मॅडमनी सगळं ऐकून चष्मा काढून ठेवला.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, मी मदत करतोय."

"मला?"

"उंदरांना."

त्यांनी एकवीस दिवसांचे फॉर्म काढून उलटायला घेतले. मी सुरुवात केली, "मॅडम, चौदा वर्षांत या पोराने..."

"दादा, तू बस," छोट्या म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. मी बसलो.

माणसांवरची चाचणी मॅडमनी थांबवली. नवे उंदीर, तेच औषध, पुन्हा एकवीस दिवस. बघणारा छोट्याच, पण पट्ट्यांना हात लावायचा नाही. रोज सकाळी सोळा पिंजऱ्यांसमोर उभं राहून तो नुसता लिहायचा. घरी आला की मी विचारायचो, "आज?" तो म्हणायचा, "तेरा पिंजऱ्यांत घरटं नाही." पुढे पुढे मी विचारणं सोडलं. तेवढ्या दिवसांत तो पाच वर्षांनी म्हातारा दिसायला लागला.

औषध बाद झालं. प्रयोग बंद, कंत्राट बंद. चार महिने तो माझ्याबरोबर वायरी ओढत फिरला, बोटं सोलून घेतली. मग मॅडमचा फोन आला. नवं औषध आहे, सॉकेट बंद करत नाही, रेग्युलेटरसारखं थोडं कमी करतं. पिंजऱ्यांवर माणूस तोच हवाय. छोट्या दमलोय म्हणाला, दोन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी सातला हजर झाला.

फॉर्मवर घरट्यासाठी आता एका खुणेऐवजी चार ओळींची जागा आहे. छोट्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मॅडम रोज दुपारी त्याला शेजारी बसवून ते वाचून घेतात. काल त्याने चारही ओळी भरल्या. काय लिहिलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "अकरा नंबरच्या उंदराने घरट्यासाठी दोन पट्ट्या ओढल्या, मग सोडून दिल्या," आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.