वेढ्यातलं औक्षण

पुण्यात मी कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायचे आणि माझा सगळा जीव अरामी लोकांत अडकलेला असायचा. अमेरिकेत वेस्ट विंडसरला आल्यापासून मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको आहे. अरामी कोण असं इथे कुणी विचारलंच, तर मी सांगते, तीन हजार वर्षांपूर्वीचे आपण.

सिरियाच्या भागात त्यांची छोटी छोटी राज्यं होती. दमास्कस, हमाथ, आणखी कितीतरी. एक मोठं राज्य त्यांना कधी जमलं नाही, आपसांत भांडण्यातून सवड मिळेल तर ना! आमच्या इथल्या दोन मराठी मंडळांनी हे मनाला लावून घेऊ नये. शेवटी असीरियाने एकेक राज्य गिळलं. पण जिंकणाऱ्यांच्या कचेऱ्यांत लिहायला बसले ते अरामी, आणि त्यांची भाषा पार आपल्या तक्षशिलेपर्यंत पोचली.

"ओह, लाइक बाबा!" माझी मुलगी एकदा म्हणाली. बाबा एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मला हसू आलं, त्याला आलं नाही.

ती लहान असताना वेणी घालताना मी तिला एका शिलालेखाची गोष्ट सांगायचे. हमाथचा राजा हद्रक नावाच्या शहरात कोंडला गेला होता. दमास्कसचा राजा इतर राजांना घेऊन चालून आला. त्यांनी शहराच्या तटाहून उंच तट बाहेर उभारला, खंदकाहून खोल खंदक खणला. राजाने आकाशातल्या देवापुढे हात जोडले आणि देव म्हणाला, घाबरू नकोस.

"मग तो सुटला कसा?" ती दर वेळी विचारायची.

"ते माहीत नाही. दगड तिथेच फुटलाय. पुढे त्याने शहर पुन्हा बांधलं, एवढंच वाचता येतं."

"दॅट्स नॉट फेअर, आई." ती मान हलवायची आणि वेणी सुटायची.

आमचा वेढाही तसाच. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही इतकी वर्षं उभे आहोत की घरोघरचे डबे जमवून होणाऱ्या पॉटलकमध्ये लोक भाजीच्या चवीआधी तारीख कितीवर आली, म्हणजे सध्या कधीचे अर्ज निघताहेत, ते विचारतात. मुलांना एकविसावं पूर्ण झालं की ती आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. मग इथे राहायला त्यांनी स्वतःचा व्हिसा शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. शेजारची आमच्या मुलीच्या वयाची मुलगी या काळजीत नाही, कारण ती इथल्याच हॉस्पिटलात जन्मली, म्हणजे जन्मानेच इथली नागरिक. आमची पुण्यात जन्मली. मी तेव्हा इथेच राहत होते, पण पहिलं बाळंतपण माहेरी, यावर दोन्ही घरांत चर्चासुद्धा झाली नाही. सासूबाईंनी ओटी भरायचं ठरवलं, आईने डिंक आणून ठेवला, आणि सातव्या महिन्यात मी विमानात बसले. डिंकाचे लाडू मनापासून खाल्ले. आज त्या लाडवांचा मला संताप येतो. आईचा येत नाही, आणि तिला मी हे कधी सांगणारही नाही.

या वर्षी मुलगी विसाची झाली, म्हणजे उरलं एकच वर्ष. कॉलेजातून घरी आली होती. दर वाढदिवसाला करते तसं मी ताट घेतलं: निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. निरांजनाच्या धुराने वाजू नये म्हणून बाबाने स्मोक अलार्मखालचा पाट बाजूला ओढला. ती पाटावर बसली, मी कुंकू लावलं, ओवाळायला सुरुवात केली आणि थांबले. ओवाळून झालं की मी म्हणते, शंभर वर्षांची हो. औक्षण असतंच त्याच्यासाठी, आयुष्य वाढावं म्हणून. आणि मला तर तिचं वय एका दिवसानेही वाढायला नको होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आई, ऐक ना. मी कॅनडात, टोरांटोच्या कॉलेजला अप्लाय केलं होतं. ट्रान्सफर मिळालीय. सप्टेंबरमध्ये जाते."

"आम्हाला न विचारता?" बाबा म्हणाला.

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, थांब, डेट पुढे सरकेल. तुम्ही नेहमी तेच म्हणता. यू गाइज कॅन वेट. आय कान्ट."

आम्ही तेच म्हटलं असतं. ज्या तटाकडे बघत आम्ही वर्षं घालवली, त्यातून ती एकटीच वाट काढून निघाली होती आणि आम्ही दोघं आतच राहणार होतो. मला तिचा अभिमान वाटला आणि तिला घट्ट धरून ठेवावंसंही वाटलं. ताट हातात तसंच होतं.

तिने खालूनच माझ्या मनगटाला हात लावला. एरवी इंग्रजी मिसळल्याशिवाय न बोलणारी माझी मुलगी हळूच म्हणाली, "घाबरू नकोस."

मग मी ओवाळलं आणि म्हटलं, शंभर वर्षांची हो.