कॉफीच्या रॅकजवळची बाई

दारावर बसणाऱ्या माणसाजवळ गोष्टी आपोआप जमतात, लोक विसरून गेलेल्या छत्र्या जमतात तशा. छत्रीचा मालक कधी ना कधी परत येते. गोष्टीचा येत नाही. मी दारव्ह्याच्या एका सुपरमार्केटात दारावर बसतो, लोकाइच्या पिशव्या ठेवून घेतो आन् बिल्ला देतो. चौथीपर्यंत शिकलो, म्हणून लिहिण्यात चूक निघाली तर गुमान वाचा. आमचं बौद्धाचं घर, भुताखेताले आमच्यात जागा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, मागून कोणी माझ्या तोंडी लागू नये.

आमच्या गावात सारे चहा पेतात. कॉफी लागते ती पुण्याच्या जावयाले, नाहीतर डॉक्टरनं ज्याचा चहा बंद केला त्याले. तरी शेठनं कॉफीचा अख्खा रॅक लावला! काचेच्या मोठ्या बाटल्या, लहान पाकिटं, एका कपाच्या पुड्या, चिकोरीवाली, बिनचिकोरीची, फिल्टरची. माणूस तिथं असा उभा राहते, जसा पोरगी पाहाले आला.

रॅक सांभाळते वंदना. नवरा वारला, दोन पोरी शाळेत, घर याच नोकरीवर. शेठनं तिले सगळ्यासमोर सांगतलं, "महिनाअखेरपर्यंत या मोठ्या बाटल्या गेल्या नाही, तर तू घरी बस!"

महिना तिथून सुरू झाला.

*

पहिले आले रिटायर झालेले एक गुरुजी. बायकोचा चहा बंद झालता. जाताना मले म्हणाले, "मोठी बाटली नेतो काका, दर हप्त्याले कोण येते!"

बाहेर आले तं हातात लहान पाकीट.

"काहून गुरुजी?"

"तुमच्या बाईनं बदलाले लावली. म्हणे, मोठी संपणार नाही."

मी बाजूले पाहिलं. वंदना माझ्याजवळच बसून डबा खाऊन राह्यली होती. अर्धी भाकर तोंडात. ती म्हणे, "काका, मी कुठं गेली होती?"

"कोण्या बाईनं, गुरुजी?"

"ते नाही का, पांढऱ्या केसाची. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली."

अशी बाई आमच्या दुकानात नाही. कधी नव्हती.

वीस-बावीस दिवसांनी गुरुजी तेरवीची साखर घ्याले आले. डोकं भादरलेलं. जाताना म्हणे, "बाई अनुभवी आहे तुमची. पाकीट अन् आमची मंडळी, एकाच दिवशी संपले."

*

मग तांड्यावरची एक बंजारीण बुढी आली. पोरगा फौजेत, सुट्टीवर येणार. ती एक पुडी घ्याले आलती, नेली मोठी बाटली! मी खुश झालो. म्हटलं, चला, वंदनाची एक तरी बाटली गेली.

बुढी हसून म्हणे, "तुमची बाई म्हणे, मोठी ने याडी, पोरगा आता वापस जात नाही."

महिन्याच्या आत खबर आली. पोराचा पाय गेलता, तो कायमचा घरी आला. बुढी बाजाराच्या दिवशी भेटली तं रडता रडता हसे. म्हणे, "पाय जाऊ दे, पोरगा आहे ना! पण एक सांगा बावा, तुमची बाई आमच्या तांड्याची का?"

"काहून?"

"माझ्याशी सारं आमच्या गोरबोलीत बोलली, मले याडी म्हणे, म्हणजे माय."

वंदनाले गोरबोलीतला एक शब्द येत नाही. मी विचारून पाहिलं.

*

एक कंपाउंडर होता. पस्तिशीचा, बुलेटवर फिरणारा, तोंडानं फटकळ. तो रॅककडून हसत आला, हातात मोठी बाटली.

"काका, तुमची बुढी भल्ली कंजूष आहे! म्हणे, एका कपाची पुडी ने. म्या म्हटलं, मावशी, म्या का मराले टेकलो?"

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. सरकून वाट दिली."

चवथ्या दिवशी त्याचा भाऊ बाटली घेऊन आला. एक चमचा कॉफी कमी होती. भाऊ खाली पाहून म्हणे, "हे वापस होते का? आता घरात कोणी कॉफी पेत नाही."

मी बाटली शेठकडे नेली. 

शेठनं बाटली वापस घेतली आन् सारा राग वंदनावर काढला. "कोण आहे ते बुढी? तूच कोणाले आणून बसवते! माहे गिऱ्हाईक भडकवते!" वंदना पदरानं डोळे पुसत म्हणे, "शेठ, पोरीइची शपथ, म्या कोणालेच आणलं नाही."

*

शेठनं कॅमेरा पाहिला. मलेही दाखवला. दुपारचे दोन. कंपाउंडर रॅकसमोर उभा. हसते, हातवारे करते, मान डोलावते. समोर कोणी नाही! मग तो अंग चोरून कोणाच्या तरी बाजूनं निघते, जसं बसमध्ये बाईमाणसाच्या बाजूनं निघावं.

दुसऱ्या चौकटीत वंदना काउंटरवर होती. साफ दिसत होती.

शेठ म्हणे, "कॅमेरा बिघडला."

यवतमाळहून दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं तासभर वायरी तपासल्या, शिडी उतरला, हात झटकले. "कॅमेरा एकदम ठीक आहे शेठ. फक्त त्या मावशीले सांगा, शिडी धरली ते चांगलं केलं, पण वायरीले हात लावू नका."

*

आता माझी सांगतो. लोक म्हणतील बुढा फेकते, म्हणू द्या.

वंदनाले आता तिकडं जायचं भ्याव वाटे. मी म्हटलं, "बस इथं. मी पाहतो कोण सटवी आहे!" काठी घेऊन बारा ते दोन रॅकजवळ उभा राहिलो. कोणी आलं नाही. पंखा बंद होता तरी पाठीले गार लागे, तेवढंच. मी गुमान उभा राहिलो, एक शब्द बोललो नाही. मले बोलाले होतंच कोण?

दारावर वापस आलो तं एक गिऱ्हाईक पोरगी बिल्ला द्याले थांबली होती. म्हणे, "आजोबा, त्या बिचाऱ्या बाईशी एवढं भांडता काहून? ती तुम्हाले चांगलंच सांगत होती."

"काय सांगत होती?"

पोरगीनं माझ्याकडे पाहिलं, पिशवी घेतली आन् निघून गेली. तिले मी अजून शोधून राह्यलो.

*

महिन्याचा शेवटचा दिवस. मोठ्या बाटल्या दोन गेल्या होत्या, त्यातली एक वापस आलती. वंदना सकाळीच आपला डबा, चपला, पोरीइचा फोटो पिशवीत भरून आलती.

शेठ म्हणे, "आज तू काउंटरवर बस. रॅकजवळ मी उभा राहतो. पाहतो कोण अडवते! संध्याकाळी तुझा निकाल."

शेठ पन्नाशीचा माणूस. रोज सकाळी चालते, साखर खात नाही, कधी शिंकलेला मी पाहिला नाही.

मले दारातून त्याची पाठ दिसे. पहिले हात कमरेवर होते. मग खाली आले. मग मान हलली, एकदाच, मोठ्या माणसापुढं हलते तशी. त्यानं मोठ्या बाटलीकडे हात नेला आन् अर्ध्यातून मागं घेतला. लहान पाकिटाकडे नेला, तोही मागं घेतला. मग एका कपाच्या पुडीकडे. तिथं हात लय वेळ थांबला.

बाहेर आला तं हात रिकामे होते.

मी म्हटलं, "शेठ, कोणती घ्या म्हणे?"

"कोणतीच नाही."

त्यानं कमरेचा किल्ल्याइचा जुडगा सोडला, काउंटरवर वंदनासमोर ठेवला. "उद्यापासून दुकान तू उघडजो."

वंदना उभीच राहिली. "आन् तुमी, शेठ?"

शेठ माझ्या स्टुलावर बसला. "काका," म्हणे, "तुमच्या थर्मासात चहा उरला का?"

होता. दिला.