जुनी भातगिरण, नवी काच आणि माझं नाक

मी आयुष्यात वाईनचा एक थेंबही प्यायलेलो नाही. तरीही गेल्या वर्षी एका वाईनरीतून मला दोघांनी दंडाला धरून बाहेर आणलं, आणि त्या दोघांपैकी एक माझा होणारा व्याही होता.

त्याचं असं झालं. आमची ऋतुजा आणि चांदीप गावचा केतन यांनी आपसात सगळं ठरवून टाकलं होतं. आईबापांनी एकदा भेटायचं आणि कोणी नाही म्हणायचं नाही, एवढंच काम शिल्लक होतं. आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटवर, कांदेपोह्यांच्या साक्षीने ते सहज उरकलं असतं. पण ऋतुजाने नकार दिला.

"घरी नको, बाबा. तुम्ही घरी बसल्या बसल्या झोपता!"

(हे खरं आहे. सहा दिवस नोकरीला जाऊन-येऊन माझा असा पिट्टा पडतो, की रविवारी मला खुर्चीत ठेवलं तर मी थेट सोमवारीच सापडतो.)

तर तिने जागा शोधली. चांदीपच्या बाजूलाच नवी वाईनरी निघाली होती. एका जुन्या दगडी भातगिरणीला कोणा हुशार आर्किटेक्टने लोखंडाचा आणि काचेचा नवाकोरा हॉल जोडला होता. वाईन बघायची, इमारत बघायची, तिथेच जेवायचं. मला यातल्या फक्त जेवणाची माहिती होती. म्हणून आदल्या दिवशी ऑफिसात डबा खाता खाता मी मोबाईलवर वाईनचे तीन व्हिडिओ बघितले. दोनमध्ये मला डुलकी लागली.

रविवारी अकराला पोचलो. केतन, त्याचे वडील हरीभाऊ आणि आई वत्सलाताई दारातच उभे होते. खाडीकाठची शेती करणारी साधी माणसं. हरीभाऊंनी हात जोडले आणि गप्प राहिले. वत्सलाताई नव्या लिंबू रंगाच्या साडीत अवघडून उभ्या होत्या. ही शांतता आपणच मोडली पाहिजे, असं मला वाटलं. इथेच चुकलं!

"या, आधी वास्तू बघू," मी म्हणालो. (आयुष्यात मी 'वास्तू' हा शब्द पहिल्यांदाच वापरला.) "ही भिंत बघा. पोर्तुगीजांच्या काळातली असणार."

"नाय हो," हरीभाऊ हळूच म्हणाले. "माझ्या आज्यानं दगड वाहिलेत हिचे. मी लहानपनी भात घेऊन यायचो इथं."

"तेच म्हणतो मी! काय ती माणसं, काय ती त्यांची उंच नजर..." असं म्हणत मी त्यांच्याकडे तोंड करून उलटा चालत गिरणीत शिरलो.

"डोकं सांभाळा, दार बुटकं—"

ठाण!

डोक्यामागे बटाट्याएवढं टेंगूळ आलं. "काही नाही, काही नाही," म्हणत मी लाज लपवायला भराभरा पुढे निघालो, तो थेट नव्या हॉलकडे. हॉलची काच अतिशय स्वच्छ होती. इतकी, की ती तिथे आहे हे मला नाक आपटल्यावरच कळलं.

जुन्या इमारतीने डोकं घेतलं, नव्या इमारतीने नाक घेतलं. पांढऱ्या शर्टावर रक्ताचे लाल ठिपके पडले. शेजारच्या टेबलावरची बाई नवऱ्याला म्हणाली, "बघ ना, सकाळी अकरालाच!"

माझी बायको मीना माझ्या नाकात कापूस कोंबत म्हणाली, "आता एक अक्षर बोलू नका."

मी बोललो.

वाईनरीची माहिती देणाऱ्या मुलीने टेबलावर चाखायला वाईनचे ग्लास ठेवले होते. व्हिडिओतलं मला एवढंच आठवत होतं, की प्यायच्या आधी ग्लास फिरवायचा. "हे असं, मनगटातून!" म्हणत मी फिरवला. ग्लास माझ्या हातात राहिला. वाईन वत्सलाताईंच्या साडीवर गेली.

त्या पदर धुवायला उठल्या. मग मी रिकामा ग्लास कापूस भरलेल्या नाकाला लावला.

"अहाहा! नाशिकची द्राक्षं! वास लपत नाही!"

"सर, ही जांभळाची आहे," मुलगी म्हणाली. "आणि जांभळं या काकांच्याच वाडीतली."

हरीभाऊ माझ्यापेक्षा जास्त ओशाळले. "दोन वर्सं झाली, देतो आम्ही," ते जमिनीकडे बघत पुटपुटले.

माफी मागायला मी ताडकन उठलो. उपाशी पोट, आठवड्याचा थकवा आणि शर्टावरचं रक्त, सगळं एकदमच जाणवलं. हॉल गरगरला आणि मी खाली बसलो. हरीभाऊंनी एक दंड धरला, केतनने दुसरा. फाटकावरच्या वॉचमनने बजावलं, "काका, गाडी तुम्ही चालवू नका हां!"

बाहेर बाकावर मला टेकवलं. ऋतुजा पाठ फिरवून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतेय. बघितलं, तर रडत होती. इतका वेळ मला नाक दुखतंय असं वाटत होतं. आता दुसरंच काहीतरी दुखायला लागलं.

"ऋतू, मला फक्त चांगलं दिसायचं होतं गं. तुझ्यासाठी."

हरीभाऊंनी बाटली माझ्या हातात दिली. "पानी प्या. झोपला नाय वाटतं नीट?"

वत्सलाताई मघापासून नळाखाली पदर धूत होत्या. ओला पदर पिळत त्या आल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि मीनाला थोडं बाजूला घेतलं. पण मला ऐकू येत होतं.

"खरं सांगा ताई, पोरगी कोनावर गेलीय?"

"माझ्यावर," मीना म्हणाली. विचार करायला तिने श्वासाएवढाही वेळ घेतला नाही. "पूर्णपणे माझ्यावर."

वत्सलाताईंचा चेहरा खुलला. "मग काय," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "साखरपुड्याचा दिवस बघा."

ऋतुजा आशेने माझ्याकडे वळली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या अख्ख्या घराण्याचा असा चारचौघांत निकाल लागला होता आणि मला त्यावर संमती द्यायची होती.

मी नाकातल्या कापसातून जोरात होकाराचा हुंकार भरला.