एका हाताने चिरायची सुरी

संगणकाच्या पडद्याला पट्टी लावून मी सुरी मोजली आणि मगच मागवली. हसणाऱ्यांनी हसून घ्यावं, पण सिन्नरच्या कारखान्यात माझा पगारच मोजमापाचा होता. यंत्रावरून उतरलेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर त्याला लाल रंग लावून परत पाठवायचं. असल्या माणसाने सुरीच्या चित्रावर स्टीलची पट्टी धरली, मूठ सोडून नुसतं पातं मोजलं आणि समाधानाने बटण दाबलं. वेबसाइटवर माप कुठेच लिहिलेलं नव्हतं. पोलाद कुठल्या देशाचं, मूठ कुठल्या लाकडाची, कुठल्या मोठ्या हॉटेलातले आचारी ती वापरतात, सगळं होतं. लांबी तेवढी नव्हती.

खोकं चांगलं दणदणीत आलं. त्यात फुग्याफुग्यांचा प्लास्टिकचा कागद, त्या कागदात दुसरं खोकं आणि त्या खोक्यात करंगळीपेक्षा जराशी मोठी सुरी. बायकोने ती दोन बोटांत धरली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

"हाई काय शे?" आई म्हणाली.

"सुरी आहे, आई."

"भातुकलीनी?"

आणि ती हसली. अर्ध्या तोंडाने हसली, कारण दुसरं अर्धं उन्हाळ्यापासून हलत नव्हतं. पण हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच, म्हणून त्या सुरीवर मला नीट रागावताही आलं नाही.

आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. पाय हळूहळू सावरला, काठी धरून ती मोरीपर्यंत जायला लागली. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. आणि एक गंमत झाली, गंमत म्हणायची तर. नामपूरकडची माहेरची बोली तिने लग्नानंतर नाशकात येऊन कधीच मागे टाकली होती, ती या आजारात परत आली. इतकी वर्षं आमच्याशी शुद्ध बोलणारी आई आता 'आहे' म्हणायच्या जागी 'शे' म्हणायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी.

आयुष्यभर तिने भाजी चिरली ती विळीवर, जमिनीवर बसून. आता जमिनीवर बसणं संपलं आणि विळीला लागणारे दोन हातही संपले. ती दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसायची. स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज आला की मान तिकडे वळायची. जेवताना एकदा म्हणाली, "मी बठी बठी खास." नुसती बसून खाते. ताट पुढे सरकवून ठेवलं आणि नंतर रोजच अर्धं ठेवायला लागली.

मग श्रावणात एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. भाद्रपदात वडिलांची तिथी यायची होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या पितराच्या दिवसाची भाजी तिने दुसऱ्या कुणाला कधी चिरू दिली नव्हती. माझ्या बायकोलाही नाही. ती म्हणाली, "यंदा मना हात लागाले पाहिजे." माझा हात लागला पाहिजे. एवढंच. हात म्हणताना तिने डावा हात वर केला.

आईला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, एका हाताने चिरायची सोय असते. खिळे असलेला पाट असतो, भाजी त्या खिळ्यांवर रोवायची म्हणजे ती हलत नाही. आणि सुरी अर्धगोल असते, मूठ वरच्या बाजूला, दाबून झुलवायची. आपल्याकडे दुकानात मिळेलसं वाटत नाही, इंटरनेटवर बघा.

तरी मी आधी दुकानंच पाहिली. नाशकातल्या द्वारका चौकापासून मेनरोडपर्यंत भांड्यांचं एक दुकान सोडलं नाही. एका दुकानदाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एका हातानं? मग दुसऱ्या हाताला काय झालं?" मी म्हणालो, "झालंय." त्याने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि चहा मागवला. सुरी त्याच्याकडे नव्हती.

इंटरनेटवर विकत घेण्याचं तेव्हा नवंनवं निघालं होतं. एका वेबसाइटवर तो पाट दिसला, पण सुरी दुसरीकडेच होती. मी पट्टीने मोजून मागवलेली ती हीच. चित्रात तिचं पातं गोल दिसलं होतं. गोल होतंही, बाळाच्या नखासारखं.

ती परत करायला कुरिअरवाला आला. खोक्यावरचं वाचून म्हणाला, "साहेब, धारदार वस्तू आम्ही नेत नाही."

"तुम्हीच तर आणलीत."

"आणताना कंपनीची होती. आता तुमची हाय."

मी वेबसाइटच्या नंबरवर फोन केला. हिंदीसाठी दोन दाबा, दोन दाबलं, मग बासरी वाजली. बासरीनंतर एका मुलीने माझं म्हणणं अतिशय गोड आवाजात ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, फोटो में जो चीज़ थी वही मिली है ना?" मी म्हणालो, वही मिली है, छोटी मिली है. ती म्हणाली, "तो सर, चीज़ सही है." मोजमाप खात्यात इतकी वर्षं काढून असा नियम मला कुणी शिकवला नव्हता.

शेवटी तिसऱ्याच एका वेबसाइटवर पाट आणि अर्धगोल सुरी दोन्ही एकत्र मिळाले. यावेळी पट्टी लावली नाही. फोन करून माप विचारलं, लिहून घेतलं, पिनकोड दोनदा तपासला. तिथीच्या बऱ्याच आधी येईल असं पडद्यावर आलं.

त्यानंतर आई रोज विचारायची, "उनी का?" आली का. मी कारखान्यातून आलो की पायातले बूट काढायच्या आत. मी संगणक लावायचो. आज माल निघाला, उद्या माल भिवंडीत, परवा पुन्हा भिवंडीतच. एकदा तर सुरी नागपूरला जाऊन आली. मी आईला सगळं सांगायचो, कारण तिला ते आवडायचं. "नागपूरले? फिरी राहिनी," म्हणायची. फिरतेय म्हणे, आईच्या आधी सुरीच सगळीकडे फिरून येत होती. त्या दिवशी जरा जास्त जेवायची.

तिथीच्या आदल्या दिवशी पडद्यावर आलं की माल घरी आणला होता, घर बंद असल्यामुळे परत नेला.

मी हे आईला सांगायला नको होतं. पण तिने विचारलं आणि मी वाचून दाखवलं. ती खिडकीतच बसली होती. तिथून फाटक, रस्ता, समोरचं गुलमोहराचं झाड, सगळं दिसतं. सकाळपासून ती तिथून उठली नव्हती, उठणार कशी. तिने एकदा फाटकाकडे पाहिलं. मग तिने शुद्ध मराठीत विचारलं, अगदी पूर्वीसारखं, "म्हणजे मी घरात नव्हते का?"

बायको कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

मी म्हणालो, "उद्या सकाळी मी स्वतः जाऊन आणतो."

तिथीच्या दिवशी रजा होतीच. सकाळी आंघोळ करून स्कूटर काढली आणि द्वारकेपलीकडे कुरिअरचं गोदाम शोधत निघालो. दुपारी बाराच्या आत पान वाढून गच्चीवर कावळ्याला ठेवायचं असतं, तोवर सहज परत येऊ असा हिशोब. गोदाम सापडलं तर ते उघडलेलं नव्हतं. उघडलं तर माणूस म्हणाला, धारदार वस्तू आहे, ओळखपत्र लागेल. ओळखपत्र दाखवलं तर म्हणाला, त्याची झेरॉक्स लागेल. झेरॉक्सवाल्याकडे वीज नव्हती. मी आवाज चढवला नाही, पितराचा दिवस होता. वीज येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिलो. डोळ्यांपुढे एकच, खुर्चीत बसलेली आई, पुढ्यात पाट आणि डाव्या हातात सुरी. लढाई जिंकायला निघाल्यासारखं काहीतरी मला तेव्हा वाटत होतं, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

खोकं घेऊन घरी पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. आत शिरलो तर स्वयंपाकघरात सगळं झाकून ठेवलेलं. खीर, कढी, वडे, वाट बघून शेवटी बायकोनेच चिरलेली गवार, कारलं. आणि टेबलावर मधोमध अख्खं गंगाफळ, म्हणजे आपला लाल भोपळा, तसंच. त्याच्याभोवती बायको आणि आई बसलेल्या.

"अगं, अजून चिरलं नाही?" मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "आम्ही कसं फोडणार?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या गंगाफळाला आमच्याकडे बाई आधी पातं लावत नाही. घरातला थोरला मुलगा मानतात त्याला. पहिली चीर पुरुषाने द्यायची, मग बायकांनी चिरायचं. वडील होते तोवर ते द्यायचे, त्यांच्यानंतर मी. दरवर्षी न विसरता देत आलो. आणि यंदा आईच्या हातासाठी सकाळपासून गावभर फिरलो, आणि इथे माझ्या एका हातावाचून दोघी अडून बसल्या होत्या. शेजारी कुणाला बोलवायचं तर आईने नको म्हटलं होतं.

मी कोयता घेतला आणि गंगाफळाला चीर दिली. दोन भकलं झाली. मग खोकं फोडलं. आत खिळ्यांचा पाट होता. सुरी नव्हती. खोक्याच्या झाकणावर छापलं होतं की धारदार भाग सुरक्षेसाठी वेगळा पाठवला जाईल.

ते मी मोठ्याने वाचलं नाही. पण पाट एकटाच टेबलावर होता, आईला वाचायची गरज नव्हती. तिने खिळ्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता ती खिडकीकडे तोंड फिरवेल. बायकोने विळी ओढली, घड्याळ पुढे चाललं होतं.

"थांब," आई म्हणाली.

तिने गंगाफळाच्या एका भकलाकडे बोट दाखवलं. बायकोने ते पाटावर ठेवून खिळ्यांवर दाबलं. भकल हललं नाही. आईने डावा हात आत घातला आणि बिया काढायला लागली. त्या गराच्या दोऱ्यांत अडकलेल्या असतात. तिथे पातं नीट जात नाही, त्या बोटांनीच ओढायच्या असतात. एकेक ओढत होती. काही निसटून खाली पडल्या, मी वेचायला वाकलो तर म्हणाली, "राहू दे." मनगटापर्यंत हात केशरी झाला. एक भकल झालं, तिने दुसरं मागितलं. बायको विळीवर बसून फोडी करत होती आणि प्रत्येक फोड पातेल्यात टाकण्याआधी आईला दाखवत होती. आई मान हलवायची, मोठी झाली असेल तर भुवई उचलायची.

पान गच्चीवर ठेवलं तेव्हा बारा टळून गेले होते. कावळा यायला वेळ लागला, पण आला. त्याने आधी गंगाफळाच्या भाजीत चोच घातली की वड्यात, ते मला ऊन डोळ्यांवर असल्यामुळे दिसलं नाही. खाली येऊन आईला मी भाजीत म्हणून सांगितलं. तिने त्या दिवशी ताटात काही ठेवलं नाही.

सुरी दसऱ्यानंतर आली. मापात होती.

त्या तिथीला संध्याकाळी आई निजल्यावर मी ओट्यापाशी उभा राहून वेबसाइटवाल्यांना फोन लावत होतो. बासरी वाजत होती. बायको बिया धुऊन ताटात वाळत घालत होती. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "भांडा हवं तेवढं. उद्या परत त्या गोदामात जायचं असेल तरी जा. फक्त जाण्याआधी घरात काय फोडायचं असेल ते फोडून जा."