लिपोवोचा रिकामा डबा

खोटं बोलणारी एकच बाई मला आवडली, ती लिपोवोची व्येस्वावा मावशी. बाकीच्या खोटारड्यांचं मला वावडं आहे. ट्रक चालवणाऱ्याला खोटं परवडतच नाही. समोरून येणारा म्हणाला, "रस्ता मोकळा," आणि वळणापलीकडे अस्वलं निघाली, की लायसन्स गेलंच म्हणून समजा, आणि घरी बायको जे विचारते ते वेगळंच. अस्वलं म्हणजे पोलीस. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं.

मावशीची खाणावळ लिथुआनियाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला चिकटून आहे, आणि छपरावरची अँटेना छपराहूनही उंच. ती तिच्या नवऱ्याची, हिएरोनिमची. तोही आमच्यातलाच, ट्रकवाला. तो गेला तेव्हा जो तो सांगायला आला, रेडिओ विकून टाक, आता कशाला हवाय? मावशीने तो बोलायचा रेडिओ ट्रकमधून काढला आणि गल्ल्याशेजारी बसवला. तेव्हापासून ती एका तोंडाने दोन कारभार करायची. स्वयंपाकघराकडे मान वळवून, "दोन कार्ताचे, कोबी जास्त!" आणि माईक तोंडाशी धरून, "पुलाच्या खाली दोन अस्वलं, झाडीत. हेअर ड्रायर घेऊन बसलीत." कार्ताचे म्हणजे बटाट्याचे मोठे भरलेले गोळे, आणि हेअर ड्रायर म्हणजे वेग मोजायचं यंत्र. एकदा चुकून माईकमध्ये म्हणाली, "कांदा करपतोय, मेल्यांनो, जरा हळू!" तर तीन ट्रक खरोखर हळू झाले. एवढा तिचा शब्द चालायचा.

तिचा आवाज म्हणजे कुणी जळकं पातेलं घासतंय असा. पण सफरचंदं भरून ग्रुयेत्सहून निघावं, दिवसभर एकट्याने वायपरचं तोंड बघावं, आणि मग रेडिओच्या एकोणीस नंबरवर, आम्हा ट्रकवाल्यांच्या चॅनेलवर, तो आवाज यावा, "कावळ्या, जेवलास का?" कावळा म्हणजे मी. माझं खरं नाव लुडविक, पण रेडिओवर खऱ्या नावाला कोण विचारतो! अहो, सख्खी आई विचारत नाही इतक्या मायेने ती विचारायची. निरोपही आमचा ठरलेला, "रस्ता रुंद मिळो!" तो तिच्या तोंडून ऐकला की पुढचा पल्ला सोपा वाटायचा.

आता एकोणीस नंबरचा कायदा सांगतो. तिथे शिव्या चालतात, भांडणं चालतात, गाणी म्हटली तरी कुणी काही बोलत नाही. रस्त्याबद्दल खोटं मात्र चालत नाही. एका महाभागाने मजा म्हणून रोज नसलेली अस्वलं उभी केली होती. आम्ही त्याला वाळीत टाकलं. तो "रस्ता कसा आहे?" विचारायचा, आणि पलीकडून चिडीचूप. शेवटी त्याने ट्रकच विकला म्हणतात. विकला नसेलही, पण आम्ही तसंच सांगतो.

आणि मावशी आमच्याशी वर्षानुवर्षं खोटं बोलली. धडधडीत!

लिपोवोत खाणावळीसमोरच वेगाचा फोटो काढणारा पिवळा डबा आहे. यंत्र आलं, एक उन्हाळा राहिलं, मग नियम बदलले आणि माणसं येऊन आतलं यंत्र घेऊन गेली. डबा तेवढा उरला. गाव रस्त्याच्या या अंगाला, शाळा त्या अंगाला. सरपंचाने वर अर्ज केला, यंत्र परत द्या. उत्तर आलं, तुमच्या गावात पुरेसे अपघात होत नाहीत. पुरेसे! म्हणजे आधी पोरं मोजून द्यायची, मग यांना पाझर फुटणार! आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मावशीने अर्जबिर्ज केला नाही. ती माईकवर सांगत राहिली, "लिपोवोचा डबा चालू आहे रे. पन्नासच्या वर गेलात तर फोटो घरी येईल, बायको फ्रेम करून लावेल." आणि आमचे सगळे ट्रक त्या डब्यासमोरून नवरीच्या चालीने जायचे. कुणी शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता, मावशी म्हणाली ना!

मग फोन आले. आता प्रत्येकाच्या काचेला फोन चिकटलेला. डबा कुठे, पोलीस कुठे, सगळं तोच सांगतो, वर गोड आवाजात सांगतो. मीही घेतला, खोटं कशाला बोलू. रेडिओ बंद पडत चालले. एकोणीस नंबरवर आमच्यासारखी जुनी खोडं तेवढी उरली. त्यातच कॉनराड नावाचं एक नवं पोरगं या रस्त्यावर आलं. टाइल्स वाहायचा. त्याच्या ट्रकच्या काचेवर इतकी यंत्रं लावलेली की रस्ता दिसायला भोकच उरलेलं नव्हतं. पुढच्या गाडीचं अंतर सांगणारं एक, झोप लागली तर ओरडणारं एक, डबे ओळखणारं एक. ओरडणाऱ्या यंत्रामुळे त्याला जांभईचीही चोरी झाली होती.

एक दिवस खाणावळीत सगळ्यांसमोर तो म्हणाला, "मावशी, तुझा डबा रिकामा आहे म्हणे. हे बघ, फोन तो राखाडी दाखवतोय. राखाडी म्हणजे आत काही नाही."

"ज्याने सांगितलं त्याचं डोकं रिकामं असेल," मावशी म्हणाली आणि त्याच्यापुढे वाटी आदळली. "सूप गिळ आधी."

"यंत्र खोटं बोलत नाही, मावशी."

"मग मी बोलते का?"

कॉनराड हसला. आम्ही कुणीच हसलो नाही, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. मावशी लगबगीने आत गेली. कढईत तळण काहीच नव्हतं, तरी ती झारा हलवत उभी राहिली.

राखाडी रंगाची बातमी महिनाभरात सगळीकडे झाली. लिपोवोतून गाड्या सुसाट जायला लागल्या. खाणावळीतल्या काचेच्या बरण्या थरथरायच्या. मावशी माईकवर ओरडायची, "डबा चालू आहे!" आणि पलीकडून कुणीतरी फिदीफिदी हसायचं. माझ्या कानांनी ऐकलंय. त्या माणसाला शोधून बदडावंसं वाटलं होतं.

आणि मग ती सकाळ. मी खिडकीशी बसून कार्ताचे खात होतो. बटाट्याचा तो एक गोळा पोटात गेला की संध्याकाळपर्यंत काळजी नाही. बाहेर मावशीची नात, कालिना, पहिलीत शिकणारी, रस्ता ओलांडत होती. एका हातात शाळेत घालायच्या सपातांची पिशवी. टायर किंचाळले. मी उठलो तेव्हा टाइल्सचा ट्रक तिरका उभा होता, आणि पोरगी त्याच्या बंपरपुढे, अगदी पुढे, हात लावता येईल इतक्या पुढे उभी होती. पिशवी चाकाखाली गेली होती. पोरगी उभी होती हो! धडधाकट!

कॉनराड खाली उतरला आणि रस्त्यातच बसला. मावशी धावत गेली, तिने पोरीला छातीशी धरलं, मग कॉनराडला दंडाला धरून उठवलं आणि आत आणून बसवलं. त्याच्यापुढे गरम चहा ठेवला, पोरीचा हात धरून तिला स्वतः शाळेत सोडून आली, आणि आल्या आल्या थेट माईक उचलला.

"पोरांनो, लिपोवोहून व्येस्वावा बोलतेय. मध्ये बोलू नका, एकदा थांबले तर पुन्हा धीर होणार नाही. माझा डबा रिकामा आहे. तो रिकामा झाला त्या दिवसापासून मला ठाऊक आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले, रोज बोलले. शाळा त्या अंगाला आहे रे. आज माझी कालिना थोडक्यात वाचली. मला वाळीत टाकायचं असेल तर टाका, तो तुमचा हक्क आहे. पण माझ्या दारासमोरून हळू जा. घाबरवायला आता माझ्याकडे काही उरलं नाही. पदर पसरून मागतेय."

तिने बटण सोडलं. रेडिओवर नुसती खरखर. मी ताटाकडे बघत राहिलो. मनात म्हटलं, संपलं, आता ही बाई रस्ता विचारेल आणि कुणी उत्तर देणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते ताटातल्या वाफेने आलं नव्हतं.

तेवढ्यात एक जाड आवाज आला. सुवाल्कीचा जुना लाकूडवाला. "मावशी, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डबा रिकामा आहे ते. माझा टायर फुटला होता ना एकदा, तुझ्या दारात? तेव्हा आत डोकावलो. चिमण्यांचं घरटं होतं."

"मग मेल्या, बोलला का नाहीस?"

"मलाही पोरं आहेत. आणि पिल्लं नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती."

पाठोपाठ दुसरा. "मलाही ठाऊक होतं, मावशी." मग तिसरा. अहो, एकेक करत अर्धा रस्ता बोलला! सगळ्यांना ठाऊक, आणि जो तो दुसऱ्याला ठाऊक नाही असं समजून हळू जात होता. एकोणीस नंबरच्या त्या कडक कायद्याला सगळ्यांनी मिळून हरताळ फासला होता, आणि मला एकट्याला पत्ता नाही! मी रागावलो, मग हसायलाच लागलो. मावशी खुर्चीत बसली आणि एप्रनमध्ये तोंड घालून रडली.

तेव्हा कोपऱ्यातून कॉनराड म्हणाला, "मावशी, माझा फोन बघ." त्याचा चेहरा अजून पांढराफटक. "यात मी लिहू शकतो की लिपोवोत पोलीस उभे आहेत."

"खोटं?"

"तुझ्याकडूनच शिकलो."

"अरे, ते एकटीचं खोटं ओढता ओढता मी म्हातारी झाले."

"यात ते एकट्याचं राहत नाही. मागून येणाऱ्या प्रत्येकाला हा विचारतो, पोलीस अजून आहेत का? लोक होय म्हणाले तर चिन्ह राहतं, नाही म्हणाले तर पुसलं जातं."

"आणि होय कोण म्हणणार?"

माईक अजून तिच्या हातातच होता आणि बोलता बोलता बटण बोटाखाली दाबलं गेलं होतं. तिने बोट काढलं मात्र, रेडिओ बोलला, "मी म्हणणार." लाकूडवालाच तो. "मी पण." "माझ्या भावालाही सांगतो." कॉनराडने तिथेच फोनवर बोट टेकवलं, आणि नकाशात लिपोवोवर पोलिसांची छोटी निळी टोपी उगवली.

पहिला आठवडा नुसती रस्सीखेच. परगावचे "नाही" दाबायचे, टोपी जायची. आमचा कुणी यायचा, पुन्हा उभी करायचा. कॉनराडने तर वसाच घेतला. जिथे माल उतरवेल तिथे, जिथे डिझेल भरेल तिथे, चार ड्रायव्हर गाठून सांगायचा, "लिपोवोत होय दाबा. का ते विचारू नका. विचारायचंच असेल तर मावशीकडे जेवायला जा." लोक जेवायला आले. नुसते आले नाहीत, ज्यांनी रेडिओ माळ्यावर टाकले होते त्यांनी ते खाली काढले, मावशीचा आवाज ऐकायला! वसंत सरेस्तोवर टोपी पक्की झाली ती झालीच. सुसाट येणारी गाडी गावाच्या वेशीवरच मवाळ व्हायची. खाणावळीतल्या बरण्या गप्प झाल्या.

मग एक दिवस शाळा सुटायच्या वेळी दारात खरं अस्वल उभं राहिलं. हवालदार म्रोचेक, पोट आधी आत आलं, टोपी नंतर.

"बाई, आमच्या साहेबांनी विचारलंय, लिपोवोला ड्यूटी कुणाची आहे? या फोनप्रमाणे आम्ही वसंतापासून इथे उभे आहोत. सुट्टी नाही, पाणी नाही."

"अगंबाई!" मावशी म्हणाली. "मग केवढे दमला असाल! बसा ना."

आम्ही सगळ्यांनी ताटांत डोकी घातली. हवालदाराने एकेकाकडे बघितलं. "हे कोण करतं, मला कळायला हवं."

मावशीने खिडकीकडे हात केला. शाळा सुटली होती. दोन्ही बाजूंनी ट्रक थांबले होते, एकाने तर इंजिनही बंद केलं होतं. पोरं रांगेत रस्ता ओलांडत होती आणि सगळ्यात मागे कालिना, सपातांची नवी पिशवी गरागरा फिरवत, राणीसारखी रमतगमत. तिने थांबलेल्या ट्रककडे बघून हात हलवला. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

हवालदार खिडकीशी गेला. मग घसा खाकरून म्हणाला, "खोटी खबर देणं चांगलं नाही, बाई."

"नाहीच मुळी," मावशी म्हणाली. "ती खरी करणं तुमच्याच हातात आहे. कार्ताचे गरम आहेत."

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. "गाडी कुठे लावू?"

"पुढे. डब्याशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी. मागे लावलीत तर वाढणार नाही."

आता शाळा भरायच्या वेळी पोलिसांचा चहा आणि सुटायच्या वेळी जेवण मावशीकडे असतं. त्यांच्यात म्हणे इथल्या फेरीसाठी भांडणं होतात. परवा मी वेशीवर पोचलो, फोनने विचारलं, पोलीस अजून आहेत का? समोर पिवळ्या डब्याला खेटून त्यांची गाडी उभी होती, आणि डब्याच्या फटीतून चिमणी आत-बाहेर करत होती. मी होय दाबलं आणि रेडिओवर जोरात ओरडलो, "मावशी, लिपोवोत अस्वलं आहेत!"

"खोटारड्या!" पातेलं घासल्यासारखा आवाज आला, आणि मागे हवालदार तोंडात घास घेऊन खदाखदा हसत होता. "हळू ये, जेवण ठेवलंय."