वाळल्यावर किती?

आमच्या कंपनीच्या हिशेबनिसांनी जन्मात कुठलीही गोष्ट ओली मोजली नाही, असं मी म्हटलं तर भोरातली जुनी माणसं लगेच मान डोलावतील. बाकीच्यांना हे कळायला आधी हिरडा कळला पाहिजे. हिर्डोशीच्या आणि वेल्ह्याच्या डोंगरातला बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची औषधी कोवळी फळं, लोक उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरवून आणत. आमची कंपनी तो ओलाच विकत घेई, वखारीच्या अंगणात वाळवी आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांना विकी. ओला हिरडा वाळला की वजनाने निम्म्याच्याही खाली येतो. कंपनीचं वर्ष दिवाळीला संपे, त्यामुळे सहामाही हिशेब नेमका चैत्रअखेर, वखार ओल्या हिरड्याने गच्च भरलेली असताना करावा लागे. तो माल आजच्या वजनाने धरला तर कंपनी श्रीमंत, वाळल्यावरच्या वजनाने धरला तर बेताची. हिशेबनीस तो वाळवूनच धरीत.

त्यासाठी ते दर खेपेतला शेरभर हिरडा घरी नेऊन अंगणात वाळत घालीत आणि रोज तोलीत. शेजारी त्यांच्या पत्नीच्या कुरडया वाळत असत. एकदा कुरडयांचंही वजन त्यांनी टिपून ठेवलं आणि संध्याकाळी म्हटलं, "घट जरा जास्त दिसते." वहिनी म्हणाल्या, "अहो, चार कुरडया तुम्हीच खाल्ल्यात. ती घट कुठल्या खात्यात टाकता ते सांगा."

सहामाही पत्रकाखाली त्यांच्या टिपा असत. आकडे अर्ध्या पानात संपत आणि टिपा दीड पान चालत. 'हे आकडे तपासनिसांनी तपासलेले नाहीत. गेल्या वार्षिक हिशेबात जी पद्धत धरली तीच येथे धरली आहे.' मी त्यांच्या हाताखालचा कारकून. हे सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं काम माझं. पुढे पुढे मला कळेना, की टिपा पत्रकाच्या आहेत की त्यांच्या स्वतःच्या. "प्रकृती कशी आहे?" असं विचारलं तर म्हणत, "बरी दिसते, पण तपासलेली नाही." गेल्या वर्षीची पद्धत मोडायची नाही म्हणून लोकरी गळपट्टा एका ठरलेल्या तिथीला चढे आणि ठरलेल्या तिथीलाच उतरे, मग थंडी असो वा नसो. छत्रीवर ते दर दिवाळीला घसारा लावीत. ती छत्री चोरीला गेली तेव्हा आम्ही हळहळलो, पण ते प्रसन्न होते. "पुस्तकात तिची किंमत गेल्याच वर्षी शून्य झाली होती. चोराला काहीच मिळालं नाही."

हिर्डोशीचा एक म्हातारा एकदा काट्याजवळ त्यांच्या अंगावर आला. "म्या सा कोस चालून हिरडा आणला, आन् तुमी म्हंता ह्यात पानीच लई?"

"पैसे तुम्हाला पाण्याचेही मिळतील, बाबा," हिशेबनीस म्हणाले. "ओल्या वजनाचे, आत्ताच. वाळवण आमच्या वहीत चालतं."

"मंग वही वाळवा की. आमाला कशापायी सुकवता?"

हे सगळं गमतीचं होतं, माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरेपर्यंत. सोयरीक नसरापूरची, मुहूर्त वैशाखातला. कंपनीचे थोडे भाग माझ्या नावावर होते आणि सहामाही डिव्हिडंड मिळणार हे धरूनच मी व्याह्यांच्या यादीला हो म्हणून बसलो होतो. आकड्यांत मुरलेल्या माणसाने असं करू नये, पण केलं. त्यात आमचे अध्यक्ष, म्हणजे गावातले एक वकील, पत्रक पाहून भडकले. "यात नफाच नाही! वखारीत पाय ठेवायला जागा नाही आणि तुम्ही म्हणता माल निम्मा?"

"जागा पाण्याने व्यापली आहे," हिशेबनीस म्हणाले.

अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सुचवलं, की त्यांना तुम्हीच समजवा, फायदा तुमचाही आहे. मी गेलो. कुरडयांच्या बाजूला उभा राहून, मान खाली घालून म्हणालो, "एवढी एक सहामाही ओली धरा. दिवाळीला बरोबर करून घेऊ. माझ्या मुलीचं लग्न आहे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तराजू खाली ठेवला आणि विचारलं, "व्याह्यांची यादी ओली आहे की वाळलेली?"

मला वाटलं, माझी थट्टा करताहेत. मी तसाच घरी आलो. पत्रक वाळलेल्या आकड्यांचंच गेलं आणि डिव्हिडंड नाही असं ठरलं. त्याच दिवशी हिशेबनीस रजा टाकून मोटारीने नसरापूरला गेले. जन्मातली त्यांची ही पहिली रजा. तिथे व्याह्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी यादी मागितली आणि प्रत्येक कलमापुढे एकच प्रश्न टाकला. "हे लग्नानंतर सहा महिन्यांनी किती उरेल?" वाजंत्री गेली. दुसऱ्या दिवशीची पंगत गेली. मानपानाची लुगडी एकवीस होती, ती पाचावर आली. व्याही मला नंतर म्हणाले, "तुमचे साहेब उठले तेव्हा यादी एवढीशी राहिली होती, पण खरं सांगतो, मलाच हलकं वाटलं."

लग्न वैशाखातच झालं. मुलगी मोटारीत बसून गेल्यावर मी हिशेबनिसांचा हात धरला आणि बरंच काही बोलू लागलो. त्यांनी हात सोडवून घेतला. "आत्ता नको. आत्ता सगळं ओलं आहे. सहा महिन्यांनी सांगा."

सहा महिने त्यांना मिळाले नाहीत. आश्विनात तापाचं निमित्त होऊन ते गेले. दिवाळीचं वार्षिक पत्रक मीच केलं. विकलेल्या हिरड्याचं वजन त्यांच्या चैत्रातल्या आकड्याशी काही शेरांच्या फरकाने जुळलं, आणि अध्यक्षांनी भागधारकांच्या सभेत स्वतःच्या दूरदृष्टीचा उल्लेख केला. टिपा मी जशाच्या तशा उतरवल्या. गेल्या वर्षी जी पद्धत धरली तीच.

मला त्या दिवशी त्यांना जे सांगायचं होतं, ते तसंच राहिलं. त्यानंतर कितीतरी उन्हाळे गेले. ते आता पुरतं वाळलेलं आहे. मी अधूनमधून तोलून बघतो. घट आलेली नाही.