मान न हलवता

ऐंशीच्या दशकात बोईसरच्या एका लहानशा हॉस्पिटलात मी भूल देत असे. एका दुपारी शिरगावहून एका माणसाला टेम्पोतून, दाराच्या फळीवर निजवून आणलं. ताडी उतरवताना तो झाडावरून पडला होता. शुद्धीवर होता.

"बाई, माझे पाय कुठं हायत?" त्यानं मला विचारलं.

हातही उचलत नव्हते. छाती हलत नव्हती, पोट तेवढं वरखाली होत होतं. मान मोडली होती आणि श्वास थकत चालला होता. श्वासनलिकेत नळी घालणं भाग होतं.

एरवी ते माझं रोजचं काम. डोक्याखाली उशी द्यायची, डोकं मागं झुकवायचं, दिवा बसवलेल्या पात्यानं जीभ उचलायची, की वाट समोर दिसते. इथं उशी नाही आणि झुकवणंही नाही; मान हलली तर आतला मज्जारज्जू आणखी दुखावला असता. ट्रेमध्ये दोन पाती होती, एक वाकडं, एक सरळ. कोणत्या पात्यानं मान कमी हलते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मान न वाकवता नळी घालायची लवचिक दुर्बीण मुंबईत आली आहे, असं ऐकून होते. नळीशिवाय मुंबईपर्यंत हा पोचला नसता.

त्याची बायको डोक्याशी वाकून त्याच्याशी बोलत होती. तिला बाहेर पाठवलं. सिस्टरनं दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं घट्ट धरलं. मी भूल दिली.

वाकड्या पात्यानं काहीच दिसेना. थोडा जोर लावला तशी सिस्टर म्हणाली, "मॅडम, सरकतंय." मी थांबले. सरळ पातं घेतलं. दिसलं, पण अर्धवट.

"आता?"

"आताही सरकलं. मघापेक्षा कमी की जास्त, नाही सांगता येत."

रबरी सळई अंदाजानं आत सारली, तिच्यावरून नळी ढकलली. छाती फुगली.

तो मुंबईला जिवंत पोचला. हातपाय परत आले नाहीत. ते ताडावरून पडतानाच गेले होते की आमच्या हातून आणखी काही गेलं, हे कोणालाच सांगता आलं नसतं. पुढं कित्येक वर्षांनी एका परिषदेत नव्या साधनांच्या एक्स-रे फिती दाखवल्या, कुठल्यानं मान किती वाकते ते. मी नुसती बघत राहिले.

तो मुंबईतच वारला, त्यानंतर काही दिवसांनी त्याची बायको एकटीच हॉस्पिटलात आली. मला वाटलं, मानेबद्दल विचारेल.

"नळी घातल्यापासून त्याचा आवाज नाय आला, बाई. तुमी मला बाहेर काढलं तवा तो कायतरी सांगत होता. अर्धंच राहिलं. तुमी ऐकलं का?"

माझं सगळं लक्ष पात्यांकडे होतं.

"नाही ऐकलं," मी म्हणाले.

ती बाकावर बसली. मीही तिच्या शेजारी बसले. मग समोरच्या थांब्यावर पालघरची गाडी लागली, तशी ती उठून गेली.